सावळखंडाची कड

भाची दर मे महिन्यात बंगळुरूहून नाशिकला येते. यंदा तिला माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक वही सापडली. दोनशे पानी, खाकी कव्हरची. वर दादाच्या अक्षरात 'सावळखंड' आणि खाली बारीक अक्षरात 'परवानगीशिवाय उघडू नये'. तिनं अर्थातच उघडली. दोन दिवस ती वही घेऊन झोपाळ्यावर बसून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोह्यांना फोडणी देत होते, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आत्या, तुमचं हे जग गोल आहे की सपाट?"

मला उत्तर देता येईना. सावळखंड आम्ही रचलं १९८७ आणि १९८८ च्या मेच्या सुट्ट्यांत, जुन्या नाशकात तिवंध्याजवळच्या वाड्यात. दादा तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा, मी तीन वर्षांनी धाकटी. दुपारची जेवणं झाली की मोठी माणसं आडवी व्हायची, आणि ओसरीवर आमचं राज्य सुरू व्हायचं. कुठल्या गावाला किती वेशी, कुठे काय पिकतं, कुठल्या घाटात चोर दबा धरतात, राणीच्या कोणत्या कानात आवाज घुमतो, सगळं ठरलेलं होतं. पण हे सगळं ज्याच्यावर उभं आहे ते जग कसं आहे, हे ठरवायचं राहूनच गेलं, असं मी तिला सांगितलं.

"राहून नाही गेलं. दोनदा ठरवलंय," ती म्हणाली.

चौदाव्या पानावर दादानं लिहिलं होतं : 'दक्षिणेला जग संपते. तिथे कड आहे. कडेवर दिवेवाली म्हातारी राहते. समुद्र कडेवरून खाली पडतो, पण आवाज येत नाही, कारण तो कुठे पोचतच नाही.' आणि एकसष्टाव्या पानावर सोमा नावाडी पश्चिमेला निघतो, नऊ वर्षं वल्हवत राहतो आणि एके पहाटे पूर्वेकडून आपल्याच गावाच्या धक्क्याला लागतो.

म्हणजे जगाला कडही होती, आणि सरळ गेलं की माणूस घरी परतही येत होता.

मला अशी रचलेली जगं लहानपणापासून आवडतात. नवी कादंबरी हातात आली की आधी नकाशा उघडते. पण नकाशा कागदावर असतो, म्हणून जगही कागदासारखं असेल असं मनात कुठेतरी धरून चालतो आपण. कागद संपला की समुद्र संपला. राजवाडे, भाषा, तलवारींची नावं यांचा इतका विचार करणारे लेखकसुद्धा सूर्य मावळतो म्हणजे नेमका जातो कुठे, हे पुष्कळदा सांगत नाहीत. आणि खरं तर सगळं त्यावरच असतं. पहाट कुणाकडे आधी होते, दूर गेलेल्या माणसाला आपल्याच गावचे तारे दिसतात की नाही, विरहाची लांबी किती, हे सगळं त्या आकारातून येतं.

आकाराची गोष्ट आमच्या घरात रोज सकाळी निघायची, फक्त आम्हाला ते कळत नव्हतं. आजोबा पूजेला बसले की संकल्प सोडायचे. जंबूद्वीपे, भरतवर्षे, भरतखंडे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे. अख्ख्या द्वीपापासून निघून पत्ता हळूहळू आमच्या उंबऱ्यापर्यंत यायचा. जुनं नाशिक नदीच्या दक्षिण काठावर. पंचवटीत मावशीकडे सत्यनारायण असला की तिथले गुरुजी 'उत्तरे तीरे' म्हणायचे. पूल ओलांडला की विश्वातला आपला पत्ता बदलतो, हे मला फार मोठं वाटायचं. पुलाच्या मधोमध उभं राहिलं तर काय म्हणायचं, असं मी आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, मधे उभं राहून पूजा करत नाहीत.

त्या जंबूद्वीपाचं चित्र विष्णुपुराणात आहे. मधोमध मेरू, त्याभोवती एक लाख योजनांचं जंबूद्वीप, मग खारा समुद्र. पुढे प्लक्षद्वीप आणि उसाच्या रसाचा समुद्र, आणि असं करत मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा आणि शेवटी गोड्या पाण्याचा. प्रत्येक द्वीप आधीच्याच्या दुप्पट, म्हणून सातवं पुष्करद्वीप ६४ लाख योजनं रुंद. या सगळ्याबाहेर लोकालोक पर्वत, ज्याच्या अलीकडे उजेड आणि पलीकडे अंधार. दिवेवाल्या म्हातारीला दादानं जिथे बसवलं ती जागा लोकालोकावरूनच आली असणार, असं मला आता वाटतं. आजी दुपारी पोथी वाचायची तेव्हा आम्ही झोपलेलो नसायचो.

नाश्ता झाल्यावर भाचीनं पोळपाट काढून ओट्यावर ठेवला. "हे तुमचं जग. कड आहे, सपाट आहे. आता यावर माणूस चालवू."

ती नववीत आहे. गुरुत्वाकर्षण तिला नुसतं पाठ नाही, कळलेलं आहे. ती म्हणाली, जमिनीचा प्रत्येक कण माणसाला आपल्याकडे ओढणार. माणूस मधोमध उभा असेल तर चहूबाजूंची ओढ सारखी, म्हणून तो सरळ उभा. पण तो कडेकडे निघाला की जवळजवळ सगळी जमीन त्याच्या पाठीमागे राहते. ओढ तिरकी होते, मागे खेचते. म्हणजे डोळ्यांना जमीन सपाट दिसेल आणि पायांना चढण लागेल. जितकं पुढे जावं तितकी चढण उभी. कडेला पोचलेला माणूस कड्यावर चढून आल्यासारखा धापा टाकत असेल.

"आणि समुद्र?" मी विचारलं.

"समुद्र कडेला जाणारच नाही. पाणी मधे गोळा होणार." तिनं परातीतला कणकेचा गोळा पोळपाटाच्या मध्यावर ठेवला. मधे फुगलेला, कडांना उतरता. "असा. तुमची म्हातारी कोरड्या कड्यावर बसलीय आत्या. तिच्याजवळ पाणी नाही."

मला त्या म्हातारीसाठी वाईट वाटलं. पस्तीस-सदतीस वर्षं ती न ऐकू येणाऱ्या धबधब्याशेजारी बसली आहे असं मी समजत होते.

कडच काढून टाकली, जमीन चारी दिशांना कधी न संपणारी केली, तर ही अडचण राहत नाही. ओढ सगळीकडे सरळ खाली. आपल्याइतकंच वजन वाटायला हवं असेल तर ती जमीन पृथ्वीच्या सरासरी घनतेची आणि साधारण ४,२५० किलोमीटर जाड लागेल. पण अशा जगात उंचीवर गेल्यानं ओढ कमी होत नाही. वर फेकलेली वस्तू, कितीही जोरात फेकली तरी, कधी ना कधी परत खाली येते. तिथून चंद्रावर जाऊन राहणं नाही. हे जग मला गुदमरवणारं वाटलं, आम्ही ते लगेच सोडून दिलं.

पोळपाटाला तीन पाय होते. ते कशावर, असं भाचीनं विचारलं तेव्हा मला भास्कराचार्य आठवले. सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेल्या गावचा हा माणूस. त्याच्या घराण्याचा शिलालेख आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटणला आहे. ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धांतशिरोमणी'च्या गोलाध्यायात त्यानं हाच प्रश्न विचारला आहे : पृथ्वीला कुणी धरून ठेवलं असेल, तर त्या धरणाऱ्याला कुणी धरलंय? आणि त्याला? ही रांग संपत नाही. शेवटी कुणीतरी स्वतःच्याच शक्तीनं उभा आहे असं मानावं लागणार, तर ती शक्ती पहिल्यांदाच पृथ्वीला का देऊ नये? त्याचा दुसरा मुद्दा मला अधिक जवळचा वाटतो. परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो, म्हणतो तो. पृथ्वी प्रचंड, माणूस इवलासा, म्हणून त्याला जमीन सपाट भासते. सपाट म्हणणाऱ्यांना तो मूर्ख ठरवत नाही, त्यांच्या डोळ्यांना काय दिसत असेल ते समजावतो. त्याच्याही चारशे वर्षं आधी लल्ल या ज्योतिषानं विचारलं होतं, भूमी सपाट असेल तर ताडासारखी उंच झाडं दुरून का दिसत नाहीत?

ताडाचं ऐकल्यावर भाची उठून वही घेऊन आली. चौदाव्या पानाच्या तळाशी, ज्या पानावर जगाला कड आहे त्याच पानावर, लिहिलेलं होतं : 'नावाड्यांना आधी दिवा दिसतो, मग मनोरा, मग म्हातारीचे घर.'

हे दादाच्या भूगोलाच्या पुस्तकातून आलं होतं, दुसरं कुठून येणार! जहाजाची आधी डोलकाठी दिसते, मग शिडं, मग खालचा भाग, म्हणून पृथ्वी गोल. मराठी शाळेतल्या प्रत्येकानं हे उत्तर लिहिलेलं आहे. कड काढताना त्याचा हात आजीच्या पोथीत होता आणि दिवा लावताना शाळेच्या पुस्तकात, आणि दोन्ही एकाच पानावर.

"नदीपण चुकलीय," भाचीनं नकाशावर बोट ठेवलं. आमची मुख्य नदी पश्चिम समुद्राला अगदी लागून असलेल्या डोंगरात उगवून त्याच समुद्राकडे पाठ फिरवते आणि अख्खा देश ओलांडून पूर्वेला जाते. "जवळ समुद्र असताना इतक्या लांब कशाला जाईल ती?"

ही मात्र चूक नव्हती. ती गोदावरी होती. ब्रह्मगिरीवरून अरबी समुद्र साधारण ऐंशी किलोमीटर, आणि गोदावरी १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते, कारण दख्खनचं पठारच पूर्वेकडे कललेलं आहे. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांतून वैतरणा निघते आणि ती मुकाट्यानं पश्चिमेला उतरून जाते. दोन सरी एकाच डोंगरावर हातभर अंतरानं पडाव्यात आणि दोन वेगळ्या समुद्रांत जाव्यात. कुणी कल्पनेच्या नकाशात असं काढलं तर वाचक म्हणतील, पटत नाही. आम्ही काढलं, कारण आम्हाला दुसऱ्या तऱ्हेची नदी माहीतच नव्हती.

मग तिनं लाटणं उचललं. मला हा तिचा विचार फार आवडला. लाटण्याभोवती आडवं फिरलं तर माणूस परत घरी येतो, म्हणजे सोमा नावाडी खरा. आणि लांबीच्या दिशेनं गेलं तर टोक येतं, म्हणजे म्हातारीची कड खरी. पाणी लाटण्याच्या मध्यभागी बांगडीसारखं वळसा घालून बसेल, दोन्ही टोकं कोरडी आणि चढणीची. नाव कडेवरून पडणार नाही, पण आधीच वाळूत रुतेल. चौदावं पान थोडं खोडावं लागेल, बाकी जमतंय. मी दादाला फोन करून सांगणार, इतक्यात ती ब्याण्णवाव्या पानावर आली आणि थांबली.

'राजकन्या तीन महिने दक्षिणेला चालली. एके दिवशी भर दुपारी तिची सावली नाहीशी झाली. ती घाबरली नाही. तिला वाटले, आपण हलक्या झालो.'

लाटणं गोल फिरत असेल आणि सूर्य दूर बाजूला असेल, तर लांबीच्या दिशेनं कितीही चाला, दुपारची सावली तेवढीच राहते. राजकन्येची सावली मात्र चालता चालता आखूड होत गेली होती. लाटणं बाद.

पण माझं लक्ष आकाराकडे राहिलं नव्हतं. ते वाक्य कुठून आलं ते मला आठवलं होतं. वाड्याच्या चौकात धुणं वाळत घालायला एक बांबू उभा पुरलेला होता. एका दुपारी दादा ओरडत आला, बाहेर ये, बाहेर ये. मी चपला न घालता पळाले. फरशी इतकी तापलेली की आम्ही एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होतो, आणि बांबू सावलीशिवाय उभा होता. नुसता. आमच्याही सावल्या पायांखाली, इवल्याशा. दादा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आपण आहोत ना?"

नाशिक जवळजवळ बरोबर २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य आपल्या डोक्यावर वर्षातून दोनदा येतो : एकदा २० मेच्या सुमारास, आणि परत जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पण तेव्हा ढग असतात. हल्ली याला शून्य सावली दिवस म्हणतात. आम्हाला नाव माहीत नव्हतं. दादानं ते पाहिलं आणि राजकन्येला देऊन टाकलं.

आकाराचा प्रश्न कल्पनेच्या जगांत कधी कधी मोठी जखमही होतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्किनचं जग आधी सपाट होतं. एका बेटावरचा राजा अमरत्वासाठी निषिद्ध पश्चिमेवर चाल करून गेला, बेट बुडालं आणि जग वाकवून गोल केलं गेलं. त्यानंतर पश्चिमेला जाणारी माणसं फिरून परत येतात. फक्त एल्फ या अमर लोकांच्या जहाजांना जुनी सरळ वाट सापडते. पृथ्वी गोल असण्याचं इतकं दुःख मी दुसरीकडे वाचलेलं नाही. उतारवयात टॉल्किनला वाटू लागलं की खगोलशास्त्राला धरून जग पहिल्यापासून गोलच असायला हवं होतं. तशी टिपणं त्यानं केली, १९९३ मध्ये मुलानं ती छापली. ते फेरलेखन पुरं झालं नाही याचा मला मनापासून आनंद आहे. ती सरळ वाट गेली असती.

"सूर्य जवळ असेल तर?" भाचीनं रात्री अंथरुणातून विचारलं. "सपाट जगावर, पण अगदी जवळ, दिव्यासारखा टांगलेला. तरी सावली बदलेलच की."

म्हणून २० मेला आम्ही गच्चीवर गेलो. तिकडे बंगळुरूत दादा एक मीटरची काठी घेऊन त्याच्या गच्चीवर. दोन्हीकडे ऊन होतं. आम्ही कुकरचा डबा उभा ठेवला. बाराला त्याच्या पायाशी सावलीची बोटभर पट्टी होती. ती बारीक होत होत नखाएवढी, मग रेघेएवढी झाली आणि साडेबाराला एक मिनिट होऊन गेल्यावर डब्याच्या कडेखाली शिरली. भाची पालथी पडून बघत होती, गाल गच्चीला भाजत असताना. दादाची दुपार पंधरा मिनिटं आधीच झाली होती. त्याच्या काठीची सावली बारा सेंटिमीटरच्या किंचित वर, आणि दक्षिणेला. "आपल्याकडे सावली दक्षिणेला कधी बघितलीयस का?" तो फोनवर ओरडत होता. पन्नाशी उलटलेला माणूस, पण आवाज चौकातल्या त्या दुपारचा.

नाशिक-बंगळुरू हे उत्तर-दक्षिण अंतर साधारण ७८० किलोमीटर. मीटरभर काठीला १२.३ सेंटिमीटर सावली. भाचीनं भागाकार केला : सुमारे ६,३४०. जमीन सपाट असेल तर याचा अर्थ, सूर्य आपल्या गच्चीपासून ६,३४० किलोमीटर वर आहे. जमीन गोल असेल आणि सूर्य फार दूर, तर अर्थ असा की आपला डबा आणि दादाची काठी यांच्या उभ्या रेघा खाली खाली वाढवत नेल्या तर ६,३४० किलोमीटर खोल एकमेकींना भेटतात. सावली मोजताना मिलिमीटरची चूक झाली तर पन्नासेक किलोमीटर इकडेतिकडे. पृथ्वीची सरासरी त्रिज्या आहे ६,३७१.

ती किती तरी वेळ त्या आकड्याकडे बघत होती. आकडा एकच. वर वाचला तर सूर्याची उंची, खाली वाचला तर आपल्या पायाखालची खोली. आणि दोन काठ्यांवरून यातलं खरं कुठलं ते सांगता येत नाही.

तिसरी काठी लागते, आणि तीही फार दूर. दिल्लीला लावून भागत नाही, तिथूनही जवळजवळ हाच आकडा येतो. स्टॉकहोमला लावली तर त्याच दिवशी दुपारी मीटरभर काठीची सावली ८२ सेंटिमीटरच्या आसपास पडते. सपाट जमिनीच्या हिशोबानं सूर्य मग ५,३०० किलोमीटरवरच निघतो. नाशिकसाठी वर, स्टॉकहोमसाठी हजार किलोमीटर खाली, असा सूर्य एकाच वेळी टांगता येत नाही. तिथे सपाट जग मोडतं.

"पण सावळखंडात स्टॉकहोम नाही," भाची म्हणाली.

खरंच नव्हतं. तीन महिन्यांची चाल, एवढाच त्यांचा मुलूख. पांडवलेण्यांतल्या तीन नंबरच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन कोरून ठेवलं आहे, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं आहे असं. गौतमीपुत्राचं जग केवढं, तर जिथवर घोडे पाण्याला पोचले तेवढं. सावळखंडातली माणसंही जिथवर चालून गेली तिथवरच त्यांना माहीत. म्हातारीला कड दिसते. सोमा नावाडी वळून घरी येतो. राजकन्येची सावली जाते. त्यांच्यातल्या कुणाच्याही पायाखाली गोल किंवा सपाट असं काही आलेलं नाही अजून.

संध्याकाळी दादाचा परत फोन आला. चौदावं पान खोडू नका, एवढंच त्याचं म्हणणं होतं. भाचीनं खोडलं नाही. तिनं वहीतलं पहिलं कोरं पान काढलं, एकशे एकतिसावं. माझ्याकडे पेन मागितलं. मग विचारलं, म्हातारीला नात असेल का? मी म्हटलं, असेल. उत्तरेला किती दिवस चालायला लागेल तिला? आम्ही हिशोब केला. दिवसाला पंचवीस किलोमीटर धरले तरी सहा महिने. वाटेत थंडी लागणार, पांघरूण द्यायला हवं. आणि काठी सरळ हवी, गाठ नसलेली, बांबूची.